'पाद्रे आमारो' चारचौघांत कसा दाखवावा

मिरजेत प्रसूती विभागात परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर मी सांगलीत विश्रामबागला राहते. जुन्या सहकारी, शेजारपाजारचे काही जण आणि त्यांची कॉलेज संपवलेली मुलं असा आमचा एक लहान गट आहे. कुणाच्या तरी दिवाणखान्यात आम्ही सिनेमा बघतो आणि नंतर चहा घेत त्यावर बोलतो. 'एल क्रिमेन देल पाद्रे आमारो' हा मेक्सिकन सिनेमा मी या गटाला दाखवला. तेव्हापासून दुसऱ्या गटांतल्या बायका विचारतात, ताई, असला विषय घरात लावलात कसा, आणि भांडणं न होता सगळे बोलले कसे? त्यांच्यासाठी आणि असा सिनेमा दाखवायचं मनात असलेल्या कुणासाठीही ही पद्धत लिहून काढते आहे.

आधी सिनेमाविषयी, कारण दाखवणाऱ्याला तो पुरता माहीत हवा. कार्लोस कारेरा दिग्दर्शक, विसेन्ते लेन्येरो पटकथाकार. मूळ कादंबरी पोर्तुगालच्या एसा द केइरोश यांची, 1875 मध्ये मासिकातून आलेली आणि 1880 मध्ये त्यांनी पुन्हा नव्यानं लिहिलेली. कादंबरी घडते पोर्तुगालमधल्या लेइरिया गावात, एकोणिसाव्या शतकात. सिनेमा तीच गोष्ट आजच्या मेक्सिकोत आणतो. चोवीस वर्षांचा आमारो नुकताच फादर झालेला आहे. बिशपचा लाडका. त्याला एका लहान गावात वयस्कर फादर बेनितोंच्या हाताखाली पाठवतात. बेनितोंचे खानावळ चालवणाऱ्या बाईशी जुने संबंध आहेत आणि गावासाठी ते जे हॉस्पिटल बांधतात त्यात अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याचा पैसा आहे. त्या बाईची मुलगी अमेलिया देवभोळी, सोळा वर्षांची. पुढे काय होतं हे तुम्हाला कळलंच असेल.

16 ऑगस्ट 2002 ला तो मेक्सिकोत लागला. त्याच्या पंधरवडाभर आधी पोप जॉन पॉल दुसरे तिथे येऊन हुआन दिएगो यांना संतपद देऊन गेले होते, त्यामुळे वातावरण तापलेलंच होतं. चर्चच्या अधिकाऱ्यांनी लोकांना बघू नका म्हणून सांगितलं, कॅथलिक संघटनांनी बंदी मागितली. लोकांनी थिएटरांत गर्दी केली. पुढच्या वर्षी परभाषी चित्रपटांच्या ऑस्कर नामांकनांत तो होता. हे सगळं दोन मिनिटांत सांगून टाकावं. वादाची कथा लांबवली की लोक सिनेमात फक्त 'तो' प्रसंग कधी येतो याची वाट बघत बसतात.

जागेचं बघा. ओळखीच्या लोकांना घरी बोलावून, पैसे न घेता बघणं हे सगळ्यात साधं. वाचनालयाचा किंवा मंगल कार्यालयाचा हॉल घेऊन जाहीर खेळ करायचा असेल तर गोष्ट वेगळी. हक्कधारकाची लेखी परवानगी लागते आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेला परदेशी सिनेमा जाहीरपणे दाखवता येत नाही. फिल्म सोसायट्यांना फक्त सभासदांपुरत्या खेळांसाठी सवलत मिळते, म्हणून जवळच्या सोसायटीमार्फत करणं बरं. अठराच्या आतलं कुणीही नको. आजीबरोबर नातू आला तर त्या दिवशी दोघांनी घरी राहायचं, इतकं ते कडक ठेवा.

आता कुणाला बोलवायचं. सांगली-मिरजेत राहून हा सिनेमा फक्त हिंदू मंडळींत बसून बघणं मला पटत नाही. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वानलेस यांनी उभं केलं. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं त्यांना पाठवलं होतं. त्या हॉस्पिटलभोवती वाढलेली ख्रिस्ती कुटुंबं कितीतरी पिढ्यांपासून आपली शेजारी आहेत. माझ्यासारख्या कितीतरी जणी त्यांच्याच हाताखाली इंजेक्शन द्यायला शिकल्या. ती माणसं खोलीत नसताना त्यांच्या धर्मगुरूंवर बोलणं म्हणजे पाठीमागे बोलणं. म्हणून सिनेमा ठरला की पहिला फोन मी माझ्या जुन्या इनचार्ज सिस्टरना केला. घरी बोलावलं, दोघींनी आधी बसून पूर्ण बघितला. बघून झाल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "दाखव. पण तुझ्या मैत्रिणींना आधी सांग, आमच्या पास्टरना बायको असते, मुलंबाळं असतात. नाहीतर उद्यापासून त्या आमच्या पास्टरकडे वेगळ्याच नजरेनं बघतील."

हे त्यांचं वाक्य माझ्या प्रस्तावनेत पहिलं येतं. ब्रह्मचर्याचं बंधन रोमन कॅथलिक फादरांना आहे, बाराव्या शतकातल्या लॅटरन परिषदांनी ते पक्कं केलं. प्रोटेस्टंट पास्टर लग्न करतात. मिरजेतलं चर्च आणि सिनेमातलं चर्च यांत हा मोठा फरक आहे आणि आपल्याकडे शिकलेल्या माणसांनाही तो ठाऊक नसतो. दुसरी माहिती कन्फेशनची. कॅथलिक माणूस फादरसमोर आपली पापं कबूल करतो आणि फादरनं ते कुणालाही, कधीही सांगायचं नसतं. तिथे बसून समोरच्या व्यक्तीला शारीरिक संबंधासाठी वळवणं हा चर्चच्या स्वतःच्या कायद्यातही गंभीर गुन्हा आहे. एवढं कळलं की अमेलिया जाळीपलीकडे बसून आमारोला स्वतःच्या शरीराविषयी, मनाविषयी सांगते तेव्हा नेमकं काय चाललंय ते लोकांना दिसतं. तिच्या मनातलं सगळं त्याला ठाऊक आहे. त्याच्या मनातलं तिला काहीच ठाऊक नाही.

भाषेचा प्रश्न येतोच. सिनेमा स्पॅनिश, खाली इंग्रजी ओळी. आमच्यातल्या निम्म्या जणींना त्या त्या वेगानं वाचता येत नाहीत आणि कुणी शेजारी बसून कुजबुजत सांगू लागलं की दोघींचाही सिनेमा जातो. मी एक कागद करते. त्यावर मोठ्या अक्षरांत पात्रांची नावं, कोण कुणाचं कोण, आणि महत्त्वाच्या पाच-सहा प्रसंगांत काय बोलणं होतं ते मराठीत. सुरू होण्याआधी तो मोठ्यानं वाचून दाखवते. गोष्ट आधीच कळते खरी, पण या सिनेमात पुढे काय होणार हे रहस्य नाहीच. लोकांचे डोळे खालच्या ओळींवरून उठून चेहऱ्यांवर गेले पाहिजेत.

आता माझ्या पद्धतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग, तो म्हणजे चिठ्ठ्या. कागदाचे तुकडे करा आणि प्रत्येकावर एक नाव लिहा. अमेलिया, आमारो, फादर बेनितो, अमेलियाची आई सानखुआनेरा, डोंगरातल्या शेतकऱ्यांबरोबर राहणारे फादर नातालियो, अमेलियाचा प्रियकर पत्रकार रुबेन, चर्चचा सेवक मार्तिन, म्हातारी दियोनिसिया, बिशप. माणसं जास्त असली तर एक पात्र दोघांना. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची आणि पूर्ण सिनेमाभर फक्त आपल्या पात्रावर लक्ष ठेवायचं. तीन गोष्टी टिपायच्या: याला काय कळलं, कधी कळलं, आणि कळल्यावर यानं काय केलं. पात्र चांगलं की वाईट हे लिहायचं नाही. "मला वाटतं" लिहायचं नाही.

याचं कारण सांगते. धर्म आणि वासना हा विषय निघाला की माणसं ताबडतोब आपापल्या ठरलेल्या मतांवर जाऊन उभी राहतात. एकजण म्हणतो, ब्रह्मचर्यच अनैसर्गिक आहे. दुसरी म्हणते, पोरगीच पुढे पुढे करत होती. तिसरा म्हणतो, आपल्याकडचे बुवा काय कमी आहेत. तिन्ही वाक्यांनी बोलणं संपतं, पुढे जात नाही. चिठ्ठी हातात असली की तीच माणसं हळूहळू, पुरावा दिल्यासारखी बोलू लागतात. बिशपची चिठ्ठी घेतलेल्या आमच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सांगितलं, "यांना सगळं कळत होतं. यांनी एकदाही रागावून विचारलं नाही. फक्त बातमी बाहेर जाणार नाही ना, एवढंच बघितलं." खोलीत शांतता पसरली. कॅथलिक विरुद्ध हिंदू हा विषयच उरला नाही. ऑफिसात, संस्थेत, पतपेढीत असा वरिष्ठ सगळ्यांनी पाहिलेला होता.

मार्तिनची चिठ्ठी फार बोलते, ती विचारी माणसाच्या हाती जाईल असं बघा. आमारो आणि अमेलिया भेटतात ते याच्या घरी. सबब अशी की अमेलिया त्याच्या मतिमंद मुलीला धर्मशिक्षण द्यायला येते. ही सबब मूळ कादंबरीतही आहे, तिथे घंटा वाजवणाऱ्याची अंथरुणाला खिळलेली मुलगी आहे. एका असहाय मुलीच्या नावावर दुसऱ्या मुलीला बोलावलं जातं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही तर चर्चेत तुम्ही विचारा.

मध्ये थांबायचं का? दोन वेळा थांबते. पहिल्यांदा, अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्यातलं पैशाचं नातं वर्तमानपत्रात छापून येतं आणि आमारोला त्याचं खंडन लिहायला सांगितलं जातं तिथे. इथवर लोकांना तो पोरगा आवडलेला असतो. सुरुवातीला बसमध्ये दरोडा पडतो तेव्हा लुटलेल्या म्हाताऱ्याला तो स्वतःचे पैसे देतो, ते आठवत असतं. या जागी थांबून विचारा: तो देह देण्याघेण्यापर्यंत पोचायच्या आधीच खोटं लिहायला कसा बसला? माझं स्पष्ट मत आहे की या सिनेमातली पहिली घसरण इथली आहे, शय्येवरची नव्हे. आमारो कागदावर सही करायला शिकतो आणि मग बाकीचं सोपं होतं. रुबेनची नोकरी त्या खंडनामुळेच जाते.

दुसऱ्यांदा थांबायचं ते निळ्या वस्त्राच्या प्रसंगानंतर. मरियामातेच्या मूर्तीसाठी शिवलेलं वस्त्र आमारो अमेलियाच्या अंगावर घालतो आणि तिला म्हणतो की ती मरियामातेपेक्षाही सुंदर दिसते. मेक्सिकोत सगळ्यात जास्त संताप झाला तो यावर, आणि दियोनिसिया चोरून आणलेला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कॅथलिक लोक ख्रिस्ताचं शरीर मानतात तो, मांजराला खाऊ घालते त्या दृश्यावर. इथे पंखा लावा, पाणी द्या, ज्यांना बाहेर जाऊन यायचं आहे त्यांना जाऊ द्या. कुणी ख्रिस्ती पाहुणा नको म्हणाला तर आग्रह करू नका. आमच्या सिस्टर थांबल्या. त्यांना मांजराचा प्रसंग तेवढा बोचला नाही, वस्त्राचा बोचला. "तिला देवी केलं म्हणजे ती आता नाही म्हणू शकत नाही," असं त्या म्हणाल्या.

आणि इथेच वयाचा विषय काढा, टाळू नका. अमेलिया सोळा वर्षांची आहे. आपल्याकडे 2012 च्या पोक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानं, अठराखालची व्यक्ती मूलच धरली जाते, तिची संमती संमती धरली जात नाही. सिनेमातला देश वेगळा, त्याचे कायदे वेगळे, पण सांगलीत बसून बघणाऱ्यांनी आपल्या मापानं बघायला हरकत नाही. मी तरी याला प्रेमकथा म्हणू देत नाही. तिला तो आवडतो हे खरं आहे, नटी ते फार सच्चेपणानं दाखवते. पण गावात ज्याच्या शब्दाला देवाच्या शब्दाचं वजन आहे अशा माणसाला सोळाव्या वर्षी आवडणं आणि त्याच्याबरोबर निर्णय घेणं या दोन गोष्टी एक नाहीत.

शेवटच्या भागात थांबू नका. गरोदरपण कळतं. आमारो तिला गाव सोडून जायला सांगतो. ती स्वतःच रुबेनला लग्नासाठी विनवते. रुबेन तयार नसतो. मग रात्रीच्या अंधारात चोरून गर्भपात. रक्त थांबत नाही, आमारो तिला गाडीत घालून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलकडे निघतो आणि ती वाटेतच जाते. हे बघताना माझे हात थंड पडतात, कारण अशा बायका मी स्वीकारलेल्या आहेत. रात्री दोन वाजता रिक्षातून, लुगड्यात गुंडाळून, सोबत आलेला माणूस नाव खोटं सांगतो. पोट दगडासारखं, नाडी धाग्यासारखी. एक तास आधी आली असती तर वाचली असती, असं आम्ही डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचो.

म्हणून चर्चेत मी एक गोष्ट स्वतः सांगते, परिचारिका म्हणून. आपल्याकडे 1971 पासून गर्भपात कायदेशीर आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत. अल्पवयीन मुलगी असेल तर पालकाची संमती लागते. सरकारी दवाखान्यात, मान्यताप्राप्त ठिकाणी तो सुरक्षित होतो. रक्तस्राव सुरू झाला तर लाज, नाव, गाव काही न बघता 108 ला फोन करायचा आणि डॉक्टरांना खरं सांगायचं, काय घेतलं, कधी घेतलं. आणि मग लोकांना विचारा, त्या गावात हॉस्पिटल तर बांधलं जात होतं ना? फादर बेनितो त्याच हॉस्पिटलसाठी काळ्या पैशाला हात लावतात, चांगल्या कामासाठी म्हणून. त्या गावची मुलगी मात्र हॉस्पिटलच्या वाटेवर रक्त जाऊन मरते. लेखकांनी हे मुद्दाम रचलंय असं मला वाटतं.

मूळ कादंबरीत हा शेवट असा नाही. तिथे अमेलिया गुपचूप बाळंत होते, बाळ ज्या बाईकडे दिलं जातं तिच्याकडे दिलेली मुलं जगत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, आणि बाळंतपणानंतर अमेलियाही मरते. अमली पदार्थांचा पैसा कादंबरीत नाही, तिथे पाद्री निवडणुकांच्या राजकारणात गुंतलेले आहेत. रुबेनच्या जागी तिथे कारकून जुआंव एदुआर्दो आहे, तो निनावी लेख छापतो आणि त्याचंही आयुष्य उद्ध्वस्त होतं. नातालियोच्या जागी फेरांव नावाचा सज्जन वयस्क पाद्री. गटातल्या एखाद्या वाचकाला इंग्रजी अनुवाद महिनाभर आधी द्या आणि सिनेमानंतर दहा मिनिटं त्याला बोलू द्या. कादंबरीचा शेवट जरूर सांगायला लावा: आमारो लिस्बनमध्ये, राष्ट्रकवी कामोंइश यांच्या पुतळ्याजवळ, बढतीच्या खटपटीत, मजेत आहे. सिनेमात तो अमेलियाच्या अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, स्वतः चालवतो. गावभर आवई उठवलेली असते की पोटातलं पोर रुबेनचं होतं आणि फादरनं बिचारीला वाचवायचा प्रयत्न केला. चाकांच्या खुर्चीतले बेनितो पाठ फिरवून निघून जातात. दोन शेवटांत जास्त कठोर कोणता, यावर आमच्याकडे फार चांगलं बोलणं झालं. मला सिनेमाचा वाटतो, कारण तिथे पूर्ण गाव प्रार्थना म्हणत असतं.

मग घरचं उदाहरण घ्या, आणि सांगलीकरांना ते दूर शोधायला नको. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' 1899 चं. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला कांचनभट, आणि त्या सौद्याला धर्माचं रूप देणारा भद्रेश्वर दीक्षित. आमच्या गटातल्या एका आजींना त्यातली पदं पाठ आहेत. त्यांना विचारलं, या सिनेमातला भद्रेश्वर कोण? त्यांनी क्षणाचाही विचार न करता बिशप म्हटलं, आणि आपल्या मताची कारणं दिली. अशी दोन्ही बाजूंची माणसं शेजारी ठेवली की "त्यांच्यातच असं" म्हणायची सोय उरत नाही. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य घातलं तो 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही याच ठिकाणी सांगा. आपल्यात दैवी शक्ती आहे, तू मागच्या जन्मी माझी बायको होतीस, असं भासवून शारीरिक संबंध ठेवणं हा त्यात गुन्हा आहे. हे कलम त्यात घालावं लागलं यावरून आपल्याकडची परिस्थिती समजावी.

चिठ्ठ्यांचं वाचन सगळ्यात शेवटी अमेलियाची चिठ्ठी असणाऱ्याकडे आणा. आधी नको, नाहीतर तिच्या मरणापुढे बाकीच्यांचे जबाब ऐकूच येत नाहीत. आणि ती चिठ्ठी शक्यतो पुरुषाला द्या. आमच्याकडे ती एका पंचविशीतल्या मुलाला निघाली होती. त्याच्या कागदावर "काय कळलं" या रकान्यात जवळजवळ काहीच नव्हतं.

एक तयारी मात्र आधीपासून ठेवा. असा सिनेमा बघून कुणीतरी नंतर, पायऱ्यांवर किंवा दुसऱ्या दिवशी फोनवर, स्वतःचं काही सांगतं. कीर्तनकाराचं, शिकवणीच्या सरांचं, नात्यातल्या मोठ्या माणसाचं. तेव्हा का गप्प बसलीस असं विचारू नका, नाव काढून घेण्याची घाई करू नका, कुणाला सांगणार नाही असंही वचन देऊ नका. गोष्ट आज अठराखालच्या मुलाची असेल तर पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठी 1098, स्त्रियांसाठी 181, तातडीला 112. हे तीन आकडे मी पात्रांच्या कागदाच्या मागच्या बाजूला छापते आणि तो कागद परत मागत नाही.